हलकंफुलकं म्हणून हलक्या हातानं छापू नका: मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
मराठी पुस्तकांचे प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक

स. न. वि. वि.

रहस्यकथा आणि रस्त्यानं-रेल्वेनं केलेल्या लांबच्या भटकंतीची विनोदी वर्णनं, हे दोन प्रकार आम्ही नागपूरचे वाचक मनापासून वाचतो. वाचनालयात ही पुस्तकं किती हातांतून जातात, ते त्यांच्या सुटलेल्या शिलाईवरून कळतं. तुमच्या जाहिरातींत मात्र दोन्हींना एकच विशेषण मिळतं: हलकंफुलकं. विशेषणाबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की हलकंफुलकं म्हणून त्यांचं संपादनही हलक्या हातानं होतं. सामाजिक कादंबरीतल्या एका शब्दावर खल करणारे संपादक रहस्यकथेतला माणूस कोणत्या वारी मेला हे मोजून बघत नाहीत. प्रवासवर्णनात लेखक सकाळी निघून जेवणाच्या आत साध्या एसटीनं 300 किलोमीटर कापतो, तिथेही कुणाची पेन्सिल थांबत नाही.

वास्तविक या दोन प्रकारांनाच सर्वांत कडक संपादन लागतं. आठवणींच्या लेखात एखादी तारीख चुकली तर लेख उभा राहतो. रहस्यकथा उभी राहत नाही. संशयित रात्री साडेनऊला वर्ध्याच्या फलाटावर असेल, तर तो दहा वाजता नागपूरच्या बर्डीवर खून करू शकत नाही, कारण मधे सुमारे 80 किलोमीटर आहेत. एवढा एक हिशेब चुकला की पुढची दीडशे पानं फुकट. विनोदी प्रवासवर्णनाचंही तसंच. ‘बस खूप उशिरा आली’ या वाक्यात हसण्यासारखं काही नाही. ‘6:10ची बस 9:25ला आली आणि दरम्यान कुणीतरी फलकावरचे 6:10 पुसून खडूनं 9:15 लिहून ठेवले होते’ यात आहे. हसू त्या दहा मिनिटांत आहे. आकडा गुळगुळीत केला की विनोद गेला.

आधी रहस्यकथेबद्दल बोलू, कारण तिथलं दुखणं जुनं आहे.

‘मृतदेह थंड पडला होता, म्हणजे मृत्यूला सहा तास होऊन गेले असावेत.’ हे वाक्य थंड हवेच्या देशांतल्या कथांमधून मराठीत आलं आणि आजही नागपूरच्या मे महिन्यात घडणाऱ्या कथांत निमूटपणे छापलं जातं. जिवंत शरीराचं तापमान सुमारे 37 अंश असतं, आणि मृत्यूनंतर ते भोवतालच्या हवेइतकं होईपर्यंत उतरत जातं. भोवतालची हवाच 37 च्या वर असेल तर ते उतरणार कुठे? नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दुपारी पत्र्याखालच्या बंद खोलीतला देह थंड पडत नाही, उलट तापू शकतो. तिथे डॉक्टर तापमानावर विसंबत नाहीत. ते शरीराचा ताठरपणा, रक्त साकळून पडलेले डाग, कुजण्याच्या खुणा आणि जठरातलं अन्न बघतात. ताठरपणाचा आपल्याकडे शिकवला जाणारा ढोबळ आडाखा असा: सुरुवात एक-दोन तासांत, अंगभर पसरायला बारा तास, टिकायला बारा, उतरायला बारा. उन्हाळ्यात हे सगळंच लवकर उरकतं. पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग दिसायला हिवाळ्यात एक-दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात तो बारा ते अठरा तासांत दिसू शकतो. साकळलेल्या रक्ताचे डाग साधारण सहा ते बारा तासांत पक्के होतात. म्हणून पालथ्या देहाच्या पाठीवर ते डाग पक्के झालेले दिसले, तर तो नंतर कुणीतरी उलटवला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा मृत्यूच्या वेळेचा धागा नागपूरच्या उन्हाळ्यात किती ताणता येतो याचा विचार फार थोड्या मराठी कथांत दिसतो.

आता यात कूलर आणा. आमच्या शहरात मार्चअखेरपासून पावसापर्यंत घरोघरी खिडकीला कूलर असतो आणि त्यानं बंद खोलीच्या रहस्याचे सगळे नियम बदलतात. पहिली गोष्ट, कूलर लावलेली खिडकी बंद नसते. पल्ले उघडे, कूलर बाहेरच्या स्टँडवर, आणि चौकटीत उरलेल्या फटी प्लायवूडनं, पुठ्ठ्यानं किंवा थर्माकोलनं बुजवलेल्या. ‘दार आणि सगळ्या खिडक्या आतून बंद होत्या’ असं लिहिणाऱ्या लेखकाला संपादकानं विचारलं पाहिजे: कूलर कुठे होता? दुसरी गोष्ट आवाज. लोखंडी कूलरच्या पंख्याच्या घरघरीत शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, मग नोकराला दबकी पावलं कशी ऐकू आली? तिसरी आणि सर्वांत सुंदर गोष्ट पाणी. कूलर चालतो तो गवताच्या जाळीतून पाणी उडून जाण्यावर. मे महिन्यात रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी सकाळी तळाला गेलेली असते. पोलीस आले तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली असेल तर दोनच शक्यता: कूलर रात्री चालला नाही, किंवा पहाटे कुणीतरी पाणी भरलं. म्हणजे टाकीची पातळी हेच घड्याळ. आणि वीज किती वाजता गेली होती हे महावितरणकडून कळू शकतं, म्हणजे त्या घड्याळाला साक्षीदारही आहे. हा सुगावा पहिल्या प्रकरणात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवता येतो आणि नागपूरबाहेरच्या वाचकाला तो शेवटपर्यंत दिसणार नाही. अर्थात कथा जुलैत घडत असेल तर कूलरच नको. दमट हवेत त्याचा उपयोग नसतो, अंग चिकट होतं, आणि इथला कुणीही त्या दिवसांत तो चालवत बसत नाही.

सुगाव्यांबद्दल नियम जुनाच आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, शोधकाला सापडलेला सुगावा वाचकालाही तेव्हाच दिसायला हवा, कुणालाच माहीत नसलेलं विष वापरू नये, जुळा भाऊ पूर्वतयारीशिवाय आणू नये. यातले काही नियम मोठ्या लेखकांनी समजून-उमजून मोडले, तो त्यांचा अधिकार. आपल्याकडे ते मोडले जातात ते विसरल्यामुळे. 190व्या पानावर अचानक कोलकात्याहून आलेला मावसभाऊ खुनी निघतो तेव्हा वाचकाला धक्का बसत नाही, तो पुस्तक मिटतो.

कायद्याच्या चुका तर जवळजवळ प्रत्येक नव्या पुस्तकात आहेत, आणि 1 जुलै 2024 नंतर त्या दुप्पट झाल्या. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचं कलम 302 राहिलं नाही, ते 103 झालं. खुनाचा प्रयत्न 307 वरून 109 वर गेला, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये आहे. पण उलटी चूकही तितकीच वाईट आहे. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर कलम जुनंच लागतं, खटला आज चालू असला तरी. म्हणून कथेचं साल लेखकाच्या डोक्यात नुसतं असून भागत नाही, ते संपादकाला माहीत हवं. नव्या कायद्यानं कथानकाला नवी हत्यारंही दिली आहेत, तिकडे अजून कुणाचं फारसं लक्ष नाही. पूर्वी पोलीस कोठडी मिळायची ती पहिल्या पंधरा दिवसांतच. आता हे पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांत, गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. तुरुंगात निर्धास्त झालेला आरोपी महिन्याभरानंतर पुन्हा पोलिसांच्या समोर बसू शकतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, म्हणजे ‘पंचांच्या नकळत पुरावा खिशात घातला’ हा जुना प्रसंग लिहायचा तर त्या चित्रफितीचं काय झालं तेही सांगायला हवं.

तपासाचा क्रम तर कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत सारखाच असतो, तरी तो उलटसुलट छापला जातो. मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. मग पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन. नागपुरात ते बहुधा मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या दोन सरकारी रुग्णालयांत होतं. खून असल्याचं दिसलं की गुन्हा दाखल होतो आणि फिर्याद कुणाची हे ठरतं, प्रसंगी पोलीस स्वतःच सरकारतर्फे फिर्यादी होतात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा राखतात: जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं, प्लीहा. हे अवयव सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत भरून, सील करून प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. तिथून अहवाल यायला आठवडे लागतात, कधी महिने. कथेत तो त्याच संध्याकाळी फोनवर येतो आणि गोष्टीतला सर्वांत चांगला ताण वाया जातो. विष कोणतं हे कळण्याआधीचे ते आठवडे, तेवढ्यात साक्षीदार फिरतो, दहावा-तेरावा उरकतो, घर विकायला निघतं. लेखकाला हवी असते ती हीच जागा.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. शेवटच्या प्रकरणात खुनी निरीक्षकांसमोर चार पानं बोलतो आणि कथा संपते, तेव्हा जाणत्या वाचकाच्या मनात खटला सुटलेला असतो. मोल असतं ते निवेदन पंचनाम्याला: आरोपी पंचांसमोर सांगतो की सुरा अमुक ठिकाणी पुरला आहे, सगळे त्याच्यामागून जातात, आणि तो तिथे सापडतो. त्याच्या सांगण्यातला जेवढा भाग या सापडण्याशी जोडलेला, तेवढाच ग्राह्य. या एका नियमावर अख्खी कादंबरी उभी राहील. नार्को चाचणीचंही तसंच. 2010 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती संमतीशिवाय करता येत नाही. बाकी न्यायालयात हातोडा आपटत नाहीत, गीतेवर हात ठेवून शपथ देत नाहीत, ज्युरी बसत नाही, आणि वर्धा किंवा चंद्रपूर जिल्ह्याला पोलीस आयुक्त नसतो, अधीक्षक असतो. आयुक्तालय नागपूर शहराला आहे. नागपूर ग्रामीणला पुन्हा अधीक्षकच. हद्द कळली की दोन दलांमधली ओढाताणही लिहिता येते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. टॉवरचं लोकेशन म्हणजे घराचा पत्ता नव्हे. फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या दिशेला होता एवढंच कळतं. शहरात तो पल्ला काही शे मीटर असू शकतो, काटोल किंवा उमरेडकडच्या उघड्या रानात काही किलोमीटर. आणि सीसीटीव्हीचं घड्याळ पुढे-मागे असतं. तपास अधिकारी आधी ते खऱ्या वेळेशी ताडून फरक लिहून घेतो. कथेतल्या अधिकाऱ्यानंही घ्यावा.

मलपृष्ठावरच्या मजकुराबद्दल मात्र आम्ही कळकळीची विनंती करतो. दुसरा खून मलपृष्ठावर सांगू नका. अनुक्रमणिकेत ‘वकिलाचा विश्वासघात’ असं प्रकरणाचं नाव देऊ नका. प्रस्तावना मान्यवरांकडून घ्या, पण शेवट उलगडणारी असेल तर ती पुस्तकाच्या मागे टाका. दिवाळी अंकात कथेच्या पहिल्या पानावर चित्रकाराला शेवटचा प्रसंग काढायला देऊ नका. त्यानं बिचाऱ्यानं पूर्ण कथा वाचून, मन लावून काढलेलं चित्रच वाचकाचा घात करतं.

आता भटकंतीकडे. मराठीत हा प्रकार उपरा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणा मिळेल या आशेनं पायी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी 1883 मध्ये लिहिला आणि तो 1907 मध्ये छापला गेला. ते पुस्तक आजही वाचलं जातं याचं एक कारण आमच्या मते असं, की पोटाचा, पैशाचा आणि पायांचा हिशेब त्यातून सुटत नाही. झाशीसारख्या प्रचंड प्रसंगाशेजारी गंगेच्या पाण्याची कावडही आहे. प्रवासवर्णनातलं हसू आणि खरेपणा दोन्ही त्या कावडीतून येतात, देवळांच्या वर्णनातून नाही.

आजच्या हस्तलिखितांत तुम्ही पहिलं काय तपासावं? प्रवासाचं साल. ते आतल्या पानावर, मुद्रणाच्या सालाशेजारी छापा. आवृत्ती नवी निघते, साल निघून जातं, आणि वाचक फसतो. नागपूर-छिंदवाडा ही 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली. त्या गाडीतल्या गमती वाचून आज कुणी इतवारी स्टेशनवर गेलं तर त्याला तिथे ब्रॉडगेज दिसेल. रस्त्यांचे क्रमांक 2010 मध्ये बदलले: कन्याकुमारीकडे जाणारा आमचा जुना 7 क्रमांकाचा महामार्ग आता 44 आहे आणि 6 क्रमांकाचा 53. 1990 सालच्या प्रवासात ‘एनएच 44’ आला तर ती चूक आहे, आणि 2020 च्या प्रवासात ‘एनएच 7’ आला तर लेखकानं जुना नकाशा समोर ठेवून लिहिलं आहे. एसटीतल्या तिकिटावरून होणारे संवाद तर नेमक्या तारखेला बांधलेले असतात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून, महिलांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून. त्याआधीच्या प्रवासात तिशीतल्या बाई कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून हुज्जत घालत असतील, तर संवाद कितीही खुसखुशीत असो, प्रसंग कोसळतो.

समृद्धी महामार्गानं नवीनच प्रश्न उभा केला आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि पूर्ण रस्ता, मुंबईजवळच्या आमणेपर्यंत, 5 जून 2025 रोजी. त्यावर दुचाकीला परवानगी नाही. तरी मोटारसायकलवरून समृद्धीनं गेलेला नायक दिसला की ते पान लेखकाकडे परत पाठवा. दुचाकीस्वाराला अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाटेनंच जावं लागतं, आणि लेखनाच्या दृष्टीनं ते बरंच आहे. त्या वाटेवर गावं आहेत, चौक आहेत, फाटकं आहेत, ज्याला रस्ता विचारावा तो वेगळाच रस्ता सांगतो. सरळ, कुंपण घातलेल्या रस्त्यावर 120 च्या वेगानं काही घडत नाही. तिथे विनोद शोधणाऱ्यानं गाडीच्या आतल्या माणसांकडे बघावं: पाण्याची बाटली कुणी रिकामी केली, पुढचा थांबा किती दूर, झोप येऊ नये म्हणून चालकाशी कोणी बोलत राहायचं. ही पुस्तकं अजून लिहिली जायची आहेत. तुम्ही मागा, मिळतील.

सीमा ओलांडून जाणाऱ्यांच्या पुस्तकांत कागदपत्रं हाच खरा खलनायक आणि खरा विनोदवीर असतो, पण लेखक त्यांना दोन ओळींत उरकतात. नेपाळला गाडी नेताना सोनौलीला दिवसांच्या हिशेबानं भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरावा लागतो. दिवस चुकीचे मोजले तर परतताना दंड बसतो. पुढच्या बऱ्याच देशांत गाडी न्यायची तर कार्ने लागतं, म्हणजे गाडी तिथे विकून येणार नाही याची हमी देणारं पुस्तक, ज्यावर येताना-जाताना दोन्ही शिक्के हवेत. एक शिक्का राहिला की घरी परतल्यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार. याचे टप्पे क्रमानं सांगा: कोणती खिडकी, कोणता फॉर्म, किती प्रती, कोण जेवायला गेलं होतं. वाचकाला माहितीही मिळते आणि हसूही त्यातच असतं. पूर्वी युरोपहून इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर करत वाघा सीमेवर येणारी वाट होती. 1979 मध्ये इराणची क्रांती झाली, त्याच वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मोडली. त्या वाटेची जुनी पुस्तकं अनुवादित करताना एवढं एक टिपण तरी जोडा, नाहीतर तरुण वाचकाला काबूलच्या चहाच्या दुकानातला निवांतपणा कळतच नाही.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. ही एकच गोष्ट रहस्यकथाकाराला सीमेवरची अडचण देते आणि विनोदी लेखकाला चुकलेली बस. म्हणूनच आम्ही दोन्ही प्रकारांसाठी एकच पत्र लिहीत आहोत.

विनोद कुणावर, हेही संपादकानं बघायचं असतं. ढाबेवाल्याच्या उच्चारांवर, हमालाच्या कपड्यांवर, बाईच्या जाडीवर बेतलेले विनोद आम्हाला नकोत. विनोदाचा भार प्रवाशानं उचलावा. तो त्या गावात परका आहे, अज्ञान त्याचं आहे. चांगल्या भटकंतीच्या पुस्तकात गावकरी नेहमी लेखकापेक्षा शहाणे असतात आणि तिथेच ते पुस्तक जिंकतं.

भाषेबद्दल लिहायचं म्हणजे आमच्या जिव्हाळ्याचा विषय. पुण्या-मुंबईच्या मुद्रितशोधनात विदर्भातली पात्रं दोन प्रकारे मारली जातात. एकतर त्यांची बोली शुद्ध केली जाते, नाहीतर प्रत्येक वाक्यात ‘काऊन बे’ घालून त्यांचं सोंग केलं जातं. नागपूर शहरातला पोलीस अंमलदार आरोपीशी हिंदीत बोलेल, वरिष्ठांशी प्रमाण मराठीत आणि सहकाऱ्याशी ‘काय करून राहिला’ म्हणत. एकाच पानावर तीन भाषा, आणि त्या तशाच राहायला हव्यात. ‘मले, तुले’ म्हणणारा वऱ्हाडी शेतकरी आणि भंडारा-गडचिरोलीकडचा झाडीबोली बोलणारा माणूस एक नव्हेत. त्यांच्या बोलीतला फरक स्वतःच सुगावा होऊ शकतो: अमरावतीचा म्हणवणारा पाहुणा झाडीतले शब्द वापरतो, एवढ्यावरून तपास फिरू शकतो. पण मुद्रितशोधकानं दोघांनाही एकाच साच्यात घातलं की सुगावा छापण्याआधीच पुसला गेला. शब्दांचंही तसंच. आमच्याकडे पोह्यांवर सांबार घालतात, म्हणजे कोथिंबीर. तिथे कुणी इडलीचं सांबार समजून वाक्य ‘दुरुस्त’ केलं तर तर्री-पोह्याची अख्खी प्लेट बिघडते. फल्ली म्हणजे शेंगदाणे. पन्नी म्हणजे प्लास्टिकचा कागद, आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटून त्याच पन्नीत देतात. टाकलेली खर्र्याची पन्नी घटनास्थळी सापडली, तर त्यावर बोटांचे ठसे असू शकतात आणि थुंकीतून डीएनए. पात्र विदर्भाबाहेरचं असेल तर ती पन्नी त्याच्या हातात का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आता काम कसं करायचं ते. यात फार पैसा नाही, थोडा वेळ आहे.

रहस्यकथेचं हस्तलिखित आलं की एका मोठ्या कागदावर तक्ता काढा: आडवे तास, उभी पात्रं. खुनाच्या आधीचे आणि नंतरचे चोवीस तास प्रत्येक पात्र कुठे होतं ते भरा, शेजारी पान क्रमांक लिहा. जिथे एक पात्र एकाच तासात दोन ठिकाणी आहे तिथे तांबडी खूण. मग शेवटचं प्रकरण आधी वाचा, उलगड्यात वापरलेला प्रत्येक सुगावा वेगळा लिहा, आणि तो पहिल्यांदा कोणत्या पानावर दिसतो ते मागे जाऊन शोधा. 208 पानांच्या पुस्तकात कळीचा सुगावा 140व्या पानानंतर पहिल्यांदा येत असेल तर हस्तलिखित परत पाठवा. आमच्या अंदाजानं दोन दिवसांचं काम आहे. कायद्यासाठी फौजदारी न्यायालयात रोज उभा राहणारा एखादा वकील आणि शवविच्छेदनासाठी न्यायवैद्यक शिकवणारा एखादा डॉक्टर यांना पाच-दहा पानं दाखवा, मानधन द्या, आणि आतल्या पानावर त्यांचे आभार छापा.

प्रवासवर्णनात रोजच्या अंतरांची बेरीज करून ती एकूण अंतराशी जुळवा. बहुतेक चुका इथेच सापडतात. नकाशा द्याच. तो रंगीत नको, चकचकीत नको. जाण्याची वाट, परतीची वाट, मुक्कामाची गावं, दोन मुक्कामांमधले किलोमीटर, उत्तर दिशा, एवढं पुरे. पुस्तक 16 पानांच्या फॉर्मांत छापतात, 208 पानं म्हणजे 13 फॉर्म. मजकूर 203 पानांवर संपला की मागे पाच कोरी पानं तशीही जातात. नकाशासाठी वेगळा कागद लागत नाही. खर्चाचे आकडे रुपयांत द्या आणि कोणत्या वर्षीचे ते लिहा.

ग्रंथालयांच्या पुस्तकनिवड समित्याही हे पत्र वाचतील अशी आशा आहे, म्हणून एक वाक्य त्यांच्यासाठी. ड्यूई वर्गीकरणाच्या क्रमांकांत विनोदी प्रवासवर्णन कुणी 910.4 मध्ये ठेवतं, कुणी 915.4 मध्ये, कुणी मराठी विनोदाच्या 891.467 मध्ये, आणि एकाच लेखकाची पुस्तकं तीन कपाटांत विखुरतात. एक जागा ठरवा आणि बाकी दोन्हीकडे चिठ्ठी लावा.

नागपूर आणि विदर्भात घडणाऱ्या कथा-प्रवासांची हस्तलिखितं छपाईआधी वाचून द्यायला आम्ही तयार आहोत. मानधन नको, छापील प्रत वाचनालयाला द्या. दिवाळी अंकाचा मजकूर असेल तर जूनअखेरपर्यंत मिळावा, म्हणजे लेखकाला दुरुस्तीला वेळ राहील. प्रवासवर्णन असेल तर सोबत लेखकानं वापरलेला नकाशा आणि तिकिटं-पावत्या असतील त्यांच्या छायाप्रती जोडा. रहस्यकथा असेल तर शेवटचं प्रकरण वेगळ्या पाकिटात, चिकटवून पाठवा. ते फोडण्याआधी आम्ही खुन्याचं नाव आणि तो कोणत्या पानावर ओळखला तो पान क्रमांक पाकिटावर लिहू, आणि तेच पाकीट तुम्हाला परत करू.

आपले,
रहस्यकथा आणि प्रवासवर्णनांचे नागपूरकर वाचक